भरत आणि भराव

मराठीत घर बांधणारा माणूस घर बांधत नाही. आमच्या चुलतभावाने पनवेलला घर बांधलं, म्हणजे कर्ज काढलं, ठेकेदार गाठला आणि दर रविवारी सहकुटुंब जाऊन "अजून एवढंच?" असं विचारून आला. त्या सगळ्या बांधकामात त्याच्या बोटांना काही लागलं असेल तर ती सह्यांची शाई. ज्या गवंड्याने ते घर खरोखर उभं केलं तो "मी घर बांधलं" असं चुकूनही म्हणत नाही. "त्या कामावर होतो" म्हणतो. विणकामात ही सवलत नाही. पैसे देऊन करवून घेतलेल्या स्वेटरबद्दल "हा मी विणला" म्हणायची कोणाची टाप नाही, कारण ऐकणारी बाई पहिल्यांदा स्वेटर उलटा करून बघते. घर उलटं करून बघता येत नाही. मी घर बांधायला घेतलं ते याच भरवशावर.

पोस्टातून निवृत्त झालो आणि कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित तीन गुंठ्यांत दोन खोल्या आणि एक पडवी स्वतःच्या हातांनी बांधायची असं ठरवलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पार्सलं उचलली होती, चिरे काय उचलता येणार नाहीत? ही काहीच बोलली नाही. माझ्या बेतांवर ती बोलते तेव्हा बेत टळण्याची शक्यता असते. ती गप्प बसते तेव्हा बेत पार पडतो आणि पुढे पंधरा वर्षं ऐकावा लागतो. तिने फक्त एक अट घातली. पाया गावातल्या मेस्त्रींनी घालायचा. घर पडलं तर निदान पाया तरी राहावा, एवढीच तिची अपेक्षा होती.

तिचा स्वतःचा उद्योग वेगळा होता. पूर्वी ती अख्खे स्वेटर विणायची. अंगठा दुखायला लागल्यापासून ती तयार साधे स्वेटर आणते आणि त्यांवर लोकरीने भरतकाम करते. थंडीत कोल्हापूरला तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात, तिथून एकदम पाच-सहा उचलायचे आणि वर्षभर भरत बसायचं. हे सगळं नातीसाठी. नात कॅनडात कॅलगरीला असते. तिथे पारा उणे वीसच्या खाली जातो, म्हणून इथे बत्तीस अंशांत, घामाच्या धारांत, मांडीवर लोकर घेऊन बसायचं. एप्रिलमध्ये तिला तशी बसलेली पाहून शेजारच्या काकू एकदा कपाळाला हात लावून गेल्या. स्वतःच्या नव्हे, हिच्या. ताप वगैरे आहे का बघायला.

आमच्या आवारात त्या काळात दोनच वजनं चालत. तिचा लोकरीचा गुंडा पन्नास ग्रॅमचा, माझं सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं. दोन्ही संपले की "अजून एक लागेल" हे वाक्य मात्र एकाच वजनाचं.

आणि शब्दांचा गोंधळ तर विचारू नका. ती भरत भरायची, मी जोत्यात भराव घालायचो. तिचा टाका, माझी टाकी. "किती भरलं?" असं पडवीतून ओरडून विचारलं की दोघंही उत्तर द्यायचो. "गळतंय" हा शब्द तर आमच्याकडे इतका चालला की शेवटी कोणाचं काय गळतंय ते आधी विचारून घ्यावं लागे. सुईवरून टाका गळतो तसं छपरातून कौल गळतं. दोन्हीकडे एकच भोक, दोन्हीकडे ते उशिरा कळतं आणि दोन्हीकडे सगळ्यांच्या देखत.

बांधकामाला बसण्याआधी मी वाचन केलं. हा माझा दोष आहे. लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज गृहस्थ, जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचे, केरळात राहिले आणि तिथलेच झाले. स्वस्तातली, सुंदर घरं बांधत राहिले आणि ती कशी बांधावीत हे स्वतः व्यंगचित्रं काढून लोकांना समजावत राहिले. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, म्हणजे साधारण पाव विटा वाचतात आणि भिंत थंडही राहते, ही त्यांची आवडती रीत. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांचं सगळ्यात जास्त पटलं ते गिलाव्याबद्दलचं मत. भिंत आहे तशी दिसू द्यावी, तिच्या तोंडाला पावडर फासू नये. एक अख्खं काम कमी करणारं तत्त्वज्ञान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. गिलाव्याची पोती वाचली म्हणून मी खूश झालो. गिलावा नेमका कशासाठी असतो ते भिंत चार फूट वर आल्यावर कळलं.

गांधीजींचं म्हणणं होतं, आणि बेकर ते पुढे सांगत, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. आमच्या घराचा हिशेब मी मांडून पाहिला. चिरा तीन मैलांवरच्या खाणीतला, वाळू चार मैलांवरची, मेस्त्री शेजारच्या वाडीतले. लोकर लुधियानाची आणि नात कॅनडाची. सरासरी काढली नाही.

चिऱ्याबद्दल मात्र अभिमानाने सांगण्यासारखं आहे. ज्याला आपण जांभा म्हणतो त्याला शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने, १८०७ साली, केरळातल्या अंगाडीपुरमचा जांभा पाहून. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून 'लॅटराइट'. पोस्टात जन्म गेलेल्या माणसाने घरासाठी नेमका लेटरचाच दगड निवडावा हा योग मला फार मोठा वाटला. हिला सांगितला तर ती म्हणाली, "मग पत्ता नीट लिहा म्हणजे भिंत जागेवर पोचेल." हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. निवृत्त माणसाचं नेमकं उलट. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. पहिल्या दिवशी मी अकरा उचलले. दुसऱ्या दिवशी मला दोघांनी उचललं.

पहिली भिंत पाच थर झाली तेव्हा मेस्त्री आले, लांब उभे राहिले, एक डोळा मिटून त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "तात्यानू, भित बरी झाली. पण ती मुंबयेक चल्ली हा."

दोरी सैल बांधली होती. पुढच्या भिंतीला मी दोरी ताणून बांधली, ओळंबा सोडला, आणि पातळी बघायला पाण्याची नळी आणली. ही पारदर्शक नळी म्हणजे जगातलं सगळ्यात प्रामाणिक यंत्र. नळी पाण्याने भरायची, दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरायची, दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे खूण करायची. पाणी खोटं बोलत नाही. पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की पाण्याला खोटं बोलायला लावतो. आमच्या नळीत तो होता, एका वळशात लपून, बोराएवढा. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा दीड इंच वर चढून बसली. "आता काय?" मी मेस्त्रींना विचारलं. "आता काय," ते म्हणाले, "पावसाची वाट बघा. पाणी खंय धावता ता कळात."

चार कोपरे गुण्यात असावे लागतात. तीन फूट, चार फूट आणि कर्ण पाच फूट आला की कोपरा काटकोनात, हे मला पाठ होतं. माझ्या एका कोपऱ्याचा कर्ण पाच फूट दोन इंच येई. दुसऱ्याचा विचारू नये. आमचं घर गुण्यात नाही. जे काही चाललंय ते गोविंदाच्या भरवशावर.

आता हिच्याकडे बघा. तिच्या हातून चूक होतच नाही असं नाही. पण तिच्याकडे चुकीला एकच उत्तर आहे आणि ते चाळीस वर्षांत बदललेलं नाही: जिथे चुकलं तिथे फूल काढायचं. टाका गळून भोक पडलं? फूल. आमटी सांडली? पान. कोपर झिजला? दोन्ही कोपरांवर हत्ती. एकावर काढला तर ठिगळ दिसतं, दोन्हीवर काढले की नक्षी. मी तिच्या भरतकामाकडे इतकी वर्षं कौतुकाने बघत आलो आणि भिंत बांधताना एकदम उमगलं की हे भरतकाम नसून गुन्ह्याच्या जागा आहेत. तिने केलेला स्वेटर हातात घ्या, मी तुम्हाला फुलं बघून अपघातांचा नकाशा काढून देतो.

विणीवर भरणं सोपं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं. कापडावर भरताना कापड गप्प बसतं. वीण ताणते, सरकते, रुसते. दोरा जरा ओढला की चुण्या पडतात, सैल ठेवला की फूल लोंबतं. सुई बोथट टोकाची लागते, नाहीतर ती लोकरीचा पदरच फोडते. सगळ्यात नाजूक पद्धत म्हणजे विणलेल्या प्रत्येक टाक्याच्या अंगावरून दुसऱ्या रंगाचा टाका तसाच्या तसा फिरवायचा. मग चित्र भरलेलं नव्हे, विणलेलं वाटतं. यासाठी ती आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून चित्र काढते. वहीतला चौकोन चौकोनी असतो. विणीचा टाका मात्र आडवा रुंद आणि उभा बुटका. एका इंचात आडवे पाच टाके बसले तर उभ्या ओळी सात बसतात. त्यामुळे वहीत ऐटीत उभा असलेला मोर स्वेटरवर उतरला तेव्हा बदक झाला होता. तिने शांतपणे त्याच्या पायाखाली निळ्या लोकरीचं तळं काढलं.

मी हसलो. हसायला नको होतं, कारण माझ्या घराचा आराखडा त्याच वहीत, मोराच्या मागच्या पानावर होता. दाराची उंची मी चौकोन मोजून ठरवली होती. एक चौकोन म्हणजे एक थर, एक थर नऊ इंचांचा, असे आठ थर, म्हणजे सहा फूट. हिशेब बिनचूक. फक्त चिराही चौकोनी नसतो. तोही आडवा लांब आणि उभा बुटका. मसाल्यासकट थर आठ इंचांचा बसला. आठ आठे चौसष्ट. पाच फूट चार इंचांवर लिंटेल टाकून मी बाजूला झालो आणि कौतुकाने आत शिरलो. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे.

ही धावत आली. आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग दाराकडे, मग वहीकडे. "तळं काढा आता," म्हणाली.

त्याच आठवड्यात कॅलगरीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आईने पाठवलेला नवा स्वेटर पोचला होता. गळ्याभोवती हिने साखळी टाक्याची दुहेरी वेल भरली होती, फार सुंदर. वीण ताणते, पण घट्ट भरलेला साखळी टाका ताणत नाही, हे त्या वेलीच्या भरात विसरलं गेलं. पडद्यावर एक पिवळा स्वेटर दिसत होता. त्याच्या आत नात होती. आवाज येत होता, डोकं येत नव्हतं. लेक म्हणाली, "आई, ओढू का?" "नको, वेल तुटेल!" इकडून ही. पोरगी आतून इंग्रजीत रडत होती. शेवटी लेकीने खांद्यावर कात्री चालवली. पुढच्या पार्सलातून इकडून तीन लाकडी बटणं गेली आणि खांद्यावर उघडणारा गळा ही आजीची नवी फॅशन ठरली. लेकीच्या तिकडच्या मैत्रिणीने तशाच दोन स्वेटरांची मागणी केली आहे.

डोकं न जाणारा स्वेटर आणि डोकं आपटणारं दार एकाच आठवड्यात तयार झाल्यावर घरात माझी इज्जत थोडी वाढली.

कात्रीवरून आठवलं. नॉर्वेत सेटेसडाल नावाचं खोरं आहे. तिथला पारंपरिक स्वेटर काळा असतो आणि त्यावर पांढरे ठिपके विणलेले असतात. त्या ठिपक्यांमुळे त्याचं नाव 'लुसेकोफ्टे', म्हणजे सरळ मराठीत उवांचा स्वेटर. एवढा सुंदर कपडा आणि त्याचं हे नाव ठेवणारे लोक आपल्याच जातकुळीचे असावेत असा मला संशय आहे. हे लोक स्वेटर नळीसारखा गोल विणत जातात आणि मग चक्क कात्रीने कापून गळा मोकळा करतात. कापलेली कड उसवू नये म्हणून तिच्यावर भरतकाम केलेल्या कापडाची रंगीत पट्टी शिवतात. जग त्या पट्टीचे फोटो काढतं. ती झाकते ती कात्रीची कड. आपल्याकडे सुतार दाराच्या चौकटीभोवती लाकडी पट्टी मारतो, ती कशासाठी? चौकट आणि भिंत यांच्यातली फट दिसू नये म्हणून. बिलात तो तिला 'डिझाइन' म्हणतो.

हे एकदा ध्यानात आल्यावर माझं बांधकाम झपाट्याने पुढे सरकलं. पूर्वेची खिडकी शेजाऱ्यांच्या गोठ्यासमोर आली; म्हैस आणि मी समोरासमोर चहा घेऊ लागलो. खिडकी अर्धी बुजवली, कोनाडा झाला. नळाच्या पाइपासाठी ठेवलेली जागा प्लंबरने नाकारली; कोनाडा. एक भोक का ठेवलं होतं ते मलाच आठवेना. छोटा कोनाडा, पणतीपुरता. आज आमच्या घरात सात कोनाडे आहेत. त्यांतले ठरवून केलेले दोन. दीड इंच चढलेल्या भिंतीवर हिच्या सल्ल्याने सगळीकडून चुन्याचा पांढरा पट्टा ओढला, एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला अडीच. डोळ्याला भिंत सपाट वाटते, पट्टाच जरा लाडात आलेला वाटतो. बेकरसाहेबांची मनोमन क्षमा मागितली. पावडर नाही लावली, कुंकू लावलं, असं म्हणू.

छपराला मात्र मी हात लावला नाही. वासे, रीपा आणि मंगलोरी कौलं सुताराने चढवली. मी खालून "सावकाश" म्हणत होतो. ही कौलं आपल्याकडे इतकी मुरली आहेत की ती बाझेल मिशनच्या परदेशी मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढून पाडायला सुरुवात केली, हे सांगितलं तर गावात कोणी विश्वास ठेवत नाही.

कामात व्यत्यय येत तेही लोकरीचेच. सिमेंटमध्ये पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. तासाभरात मसाला वापरला नाही तर तो कामातून गेला. मी घमेलं भरून थापी उचलायचो आणि नेमकी हाक यायची, "अहो, पाकळी गुलाबी बरी की केशरी?" कोणतीही, म्हटलं तर "तुमचं लक्ष नाही." गुलाबी म्हटलं तर "पण केशरी उठून दिसेल ना?" मग केशरी म्हणायचं, की ती गुलाबी घ्यायची. एवढ्यात घमेल्यात एक छान, घमेल्याच्याच आकाराचा दगड तयार झालेला असे. असे चार दगड अंगणात पायऱ्या म्हणून टाकले आहेत.

उलट बाजूनेही नुकसान झालं. एकदा दुपारी पाऊस भुरभुरला म्हणून मी वाळत घातलेला पांढराशुभ्र स्वेटर उचलायला धावलो. चांगल्या भावनेने धावलो. हात जांभ्याने माखलेले. छातीवर मधोमध माझा पंजा उमटला, पाच बोटांसकट, लाल. जांभ्याचा डाग साबणाला दाद देत नाही. ही बराच वेळ त्या पंजाकडे बघत बसली. मग डब्यातून अबोलीच्या रंगाची लोकर काढली. पाच बोटांवर पाच अबोलीचे गजरे चढले आणि तळव्यावर परडी. कॅलगरीच्या शाळेत नातीचा तो सगळ्यात आवडता स्वेटर आहे म्हणे. आत काय आहे ते तिला कोणी सांगितलेलं नाही.

याची परतफेड मी मे महिन्याच्या शेवटी केली. पडवीचा कोबा घातला होता, आरशासारखा. ओलाच होता. मी पाठ सरळ करायला उभा राहिलो आणि हिच्या मांडीवरून निळ्या लोकरीचा गुंडा सुटला. पायरीवरून उतरला, कोब्यावर आला, उताराकडे धावला. (उतार त्या बुडबुड्याचा.) या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चर पाडत गेला आणि दाराशी जाऊन थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच हिच्या तोंडून "आता काय?" निघालं.

मी काही बोललो नाही. उरलेल्या मंगलोरी कौलांचे तुकडे होते, फुटक्या निळ्या कपबश्या होत्या, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून नातीने मागच्या सुट्टीत वेचलेले शिंपले होते. कोबा आवळायच्या आत, गुडघ्यांवर बसून, तो चर तुकडा-तुकडा भरत गेलो. लोकरीची रेघ होती तिची वेल झाली. वळणांवर पानं काढली. तास-दीड तासाने मान वर केली तर ही सुई-दोरा बाजूला ठेवून बघत होती. "चुण्या नाही पडल्या," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी विणकामातसुद्धा कोणाला मिळालेली पाहिली नाही.

मृग लागला, पाणी धावलं आणि कळलं. ते पडवीत येतं, वेलीच्या कडेकडेने वळत जातं आणि दारातून बाहेर पडतं. मेस्त्री दारात वाकून आत आले, त्यांनी ते पाणी बघितलं आणि म्हणाले, "मुद्दाम केलास?" मी हो म्हणालो.

गेल्या दिवाळीत पुण्याचे पाहुणे आले होते. दारातून वाकून आत येताना म्हणाले, "वा, जुन्या पद्धतीचं दार! माणूस नम्र होऊनच आत येतो." कोनाडे मोजले. पट्ट्याचा फोटो काढला. मग आवाज खाली आणून, ही ओळख मिळालीच पाहिजे अशा सुरात विचारलं, "आर्किटेक्ट कोण?" हिने सुई खाली न ठेवता माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी तिच्याकडे.

घर झालं. अर्धा ब्रास वाळू आणि चाळीसेक चिरे उरले आहेत, आणि हिच्या डब्यात शेवाळी रंगाचे पन्नास ग्रॅमचे सहा गुंडे. कुडाळच्या आसपास कोणाला हवं असेल त्याने येऊन घेऊन जावं. वाळूची वाहतूक ज्याची त्याने करायची. लोकर फुकट मिळेल, पण स्वेटर सोबत आणावा लागेल आणि त्याला कुठेतरी भोक असावं लागेल. येताना दाराशी वाका.